आधी आहे तसाच
आज दिवसभर सेफ्टी व्हॉल्व्हच्या, म्हणजे दाब फार वाढला की आपोआप उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या, टेस्ट बेंचपाशी. अणुवीज केंद्रातला व्हॉल्व्ह आला की नव्या पोरांचा हात आधी साफसफाईकडे जातो. तिथेच थांबवावं लागतं. आहे तसा लावायचा, दाब हळूहळू चढवायचा आणि पहिल्यांदा कितीला उघडतो ते लिहायचं. महिनोनमहिने बंद असलेली डिस्क, म्हणजे आतलं झाकण, सीटला, म्हणजे ते टेकतं त्या कडेला, गंजून चिकटलेली असू शकते. एकदा सुटली की दुसऱ्या वेळी आकडा छान येतो. मला तो छान आकडा नको असतो.

शिवाय उघडला तसा परत बसलाही पाहिजे. २८ मार्च १९७९, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. रिलीफ व्हॉल्व्ह उघडला आणि उघडाच राहिला. पॅनेलवरच्या दिव्यावरून फक्त बंद होण्याचा आदेश गेल्याचं कळत होतं. दोन तासांहून जास्त वेळ अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी जात राहिलं, भट्टीचा जवळपास निम्मा गाभा वितळला. दीड वर्षं आधी, १९७७ मध्ये, ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात असाच व्हॉल्व्ह अडकला होता! तो धडा वेळेत सगळीकडे पोचला नाही, याचा मला आजही राग येतो.

दुपारी एका व्हॉल्व्हचा पहिला आकडा मर्यादेबाहेर आला. पोरगा म्हणाला, "सर, परत घेऊन बघू?"

म्हटलं, घेऊ. आधी हा लिही.