झाकण काढ, लवकर!

मार्चमधल्या अमावास्येची रात्र. पन्हाळ्याच्या तटाजवळ ट्रायपॉड रोवून आम्ही कॅमेऱ्याचं तोंड आग्नेयेला, कोल्हापूरकडे केलं होतं. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. सोबत प्रकल्पाचा एक विद्यार्थी.

कॅमेरा साधाच, डीएसएलआर. पण रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या, फाइलमध्ये पिक्सेलवर जेवढा प्रकाश पडतो, त्याच प्रमाणात आकडा उतरतो. फोटोतल्या ज्या ताऱ्यांची तेजस्विता आधीच ठाऊक आहे, त्यांच्याशी ताडून मधल्या रिकाम्या आकाशाचा उजेड काढायचा. मोजायचं मॅग्निट्यूड या ताऱ्यांच्या तेजाच्या मापात, दर चौरस आर्कसेकंदाला; आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. अगदी काळोख्या आकाशाचा आकडा 22 च्या जवळ जातो. उजेड वाढला की आकडा उतरतो.

साडेतीनला आकाशाचे फोटो संपवून लेन्सला झाकण लावलं. तेवढ्याच वेळाचे अंधारे फोटो घ्यायचे असतात, सेन्सरच्या स्वतःच्या उष्णतेचा गोंगाट, म्हणजे प्रकाश नसतानाही उमटणारे आकडे, नंतर वजा करायला. दुसरा फोटो चालू असताना पोरगं ओरडलं, "सर, खालची लाईट गेली!"

खरंच, निम्मं शहर गुडूप झालं होतं.

"झाकण काढ, लवकर!"

तीस सेकंदांचा एक फोटो, मग दुसरा, मग तिसरा. मूळ नक्षत्र, म्हणजे विंचवाची नांगी, आधीही दिसत होतं. आता तिच्या मागची आकाशगंगा हळूहळू उमटायला लागली, तीही नेमकी कोल्हापूरच्या डोक्यावर. इतकी वर्षं त्या दिशेच्या फिकट पट्ट्याला मी धुरळा म्हणत आलो. धुरळा होताच, पण तो उजळत होते आमचेच दिवे. वर उघडे, पांढरे एलईडी. त्यांच्यातला निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. रस्त्याला उजेड हवाच, पण तो आभाळाला कशाला?

"आमच्या गच्चीवरनं हे कधीच दिसलं नाही, सर," पोरगं म्हणालं. मला पटकन उत्तर सुचलं नाही.

नंतर संगणकावर हिशेब केला. क्षितिजापासून पंधरा अंशांवरचा उजेड निम्म्यावर आला होता, म्हणजे आकडा पाऊण मॅग्निट्यूडने चढला होता.

चौथा फोटो चालू असतानाच वीज आली. मोजमापाला तो निरुपयोगी आहे. खालून पिवळट उजेड चढलाय आणि वर आकाशगंगेचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. तोच मोठा छापून प्रयोगशाळेच्या दाराशी लावलाय.