रामदेवरायांच्या नातवाचे नाणे

गेल्या बुधवारी जुन्या बाजारातून आणलेली सुलतानी नाणी निवडत बसलो असताना एका संग्राहक मित्राने स्वतःकडचे एक काळपट नाणे शेजारी आणून ठेवले आणि उरलेली दुपार त्या एकाच नाण्यावर गेली. चांदी आणि तांबे यांच्या मिश्र धातूचे, जेमतेम साडेतीन ग्रॅमचे ते नाणे दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खिलजी याचा मुलगा शिहाबुद्दीन उमर याचे होते.

त्यावर हिजरी ७१५ हे साल आहे. पण अलाउद्दीनच्या अखेरच्या नाण्यांवरही हेच साल येत असल्याने ओळख पटवायची ती नावावरूनच. ‘अल-दुनिया वल-दीन’ (जग आणि धर्म) हे किताबातले शब्द बापलेक दोघांच्याही नाण्यांवर असतात, म्हणून त्यांच्या आधीचा शब्द वाचावा: ‘अला’ असेल तर नाणे बापाचे, ‘शिहाब’ असेल तर मुलाचे. ‘उमर’ या नावाची ऐन, मीम, रे ही अरबी लिपीतली तीन अक्षरे भिंगाखाली नीट लागली, तेव्हा खरोखरच अंगावर काटा आला.

अलाउद्दीन ४ जानेवारी १३१६ रोजी वारला आणि त्याचा सेनापती मलिक काफूर याने थोरल्या मुलांना डावलून सहा वर्षांच्या उमरला गादीवर बसवले. खुतबा (मशिदीतले शुक्रवारचे प्रवचन, ज्यात राजाचे नाव घेतले जाई) आणि सिक्का नव्या सुलतानाच्या नावाने निघाल्याशिवाय राज्य सिद्ध होत नसे, त्यामुळे राजा अजाण असला तरी टाकसाळीत नवे ठसे कोरले गेले. महिन्याभरातच काफूर मारला गेला, सावत्र भाऊ मुबारक कारभारी झाला आणि पुढे त्यानेच गादी घेऊन या लेकराचे डोळे काढवले. हिजरी ७१५ हे वर्ष २५ मार्च १३१६ रोजी संपले. म्हणजे हे नाणे फार तर ८२ दिवसांच्या अवधीत पाडलेले आहे.

उमरची आई देवगिरीच्या रामदेवराय यादवांची मुलगी होती, असे इतिहासकार सांगतात. यादवांच्या नातवाचे नाव दिल्लीच्या नाण्यावर उमटले, ही गोष्ट आपल्याकडच्या संग्राहकांनाही फारशी ठाऊक नसावी, याची मला मनापासून खंत वाटते. अशी नाणी चिंचेने किंवा आम्लाने घासू नयेत, हीदेखील कळकळीची विनंती आहे. नाणे उजळते, पण झिजलेले अक्षर कायमचे जाते.

त्याच संध्याकाळी मी माझी ७१५ ची सगळी नाणी पुन्हा भिंगाखाली घेतली. सगळीकडे ‘अला’च निघाला. नाण्यापेक्षा ठसा मोठा असल्याने एकावर मात्र नेमका तोच शब्द कडेबाहेर गेला आहे. ते नाणे वेगळ्या पाकिटात ठेवले आहे.