बेसीसाठी विणलेलं कापसाचं जाकीट

पहिला नमुना तिरका आला. विणला होता चौकोन, पण पाण्यातून काढून वाळवला आणि टेबलावर ठेवला तर एक कोपरा वर, एक खाली. मला वाटलं सुईवरची घरं, म्हणजे टाके, मोजायला चुकले. उसवून पुन्हा विणला. पुन्हा तिरका.

पण ते नंतरचं. सुरुवातीचे सहा महिने मी नुसती विमानंच विणत होते. विमानचालनात पहिली पावलं टाकणाऱ्या बायकांवरून हाताने विणलेले कपडे करायचे, एवढंच ठरलं होतं. म्हणून पुढच्या भागावर मधोमध दोन रंगांत विमान आणि खाली नाव. दिसायला छान होतं. तरी त्या स्वेटरात ती बाई कुठेच नव्हती. नाव उसवून दुसरं घातलं असतं तर तो दुसरीचा झाला असता. मग ठरवलं, कपड्यावर विमान काढायचं नाही. तिच्या आयुष्यातली एखादी खरी वस्तू किंवा खरा आकडा घ्यायचा आणि तो विणीतूनच आणायचा.

एमी जॉन्सन या इंग्लिश वैमानिकेचं कार्डिगन त्यामुळे लवकर सुटलं. तिचं जेसन हे विमान गर्द बाटली-हिरवं, त्यावर चंदेरी अक्षरं. 5 मे 1930 ला ती इंग्लंडमधल्या क्रॉयडनहून एकटी निघाली आणि 24 मे ला ऑस्ट्रेलियात डार्विनला उतरली. दोन्ही दिवस धरून 20. म्हणून हिरव्या बाहीवर उलट टाक्यांच्या 20 कड्या घेतल्या, दर सहाव्या ओळीला एक. एकूण 120 ओळी, माझ्या हाताला साधारण 43 सेंटीमीटर, म्हणजे मनगटापासून काखेपर्यंत बाही बरोबर बसते. सहावी कडी चंदेरी, कारण सहाव्या दिवशी ती कराचीला पोचली होती. तिथून पुढे झाशीला तिला परेडच्या मैदानावर उतरावं लागलं. ती कडी मी मातकट रंगात विणली, आणि सगळ्या कार्डिगनात मला तीच जास्त आवडते.

सरला ठकराल यांच्यासाठी क्रोशाचा स्टोल केला. 1936 साली लाहोरला, वयाच्या 21 व्या वर्षी, साडी नेसून त्यांनी जिप्सी मॉथ हे छोटं विमान एकटीने उडवलं. घरी चार वर्षांची मुलगी होती. पुढे नवरा विमान अपघातात गेला, त्यात महायुद्ध आलं आणि व्यावसायिक वैमानिक व्हायचं राहून गेलं. त्या चित्रकला शिकल्या आणि नंतर साड्यांची, कापडाची डिझाइनं करत राहिल्या. स्टोलला काठ आणि पदर हवेतच. काठ मुक्या खांबांचा, म्हणजे क्रोशाच्या आखूड टाक्यांचा घट्ट, अंग उंच खांबांच्या जाळीचं. उघड्या कॉकपिटमध्ये मोकळा पदर चालणारच नाही, म्हणून एका टोकाला 14 साखळ्या घालून खालचे तेवढेच खांब सोडले. त्या फटीतून दुसरं टोक ओढून घेतलं की पिन लागत नाही.

सगळ्यात जास्त दिवस घेतले ते बेसी कोलमनच्या जाकिटाने.

बेसी 1892 साली टेक्सासमध्ये जन्मली आणि लहानपणी कापूस वेचत होती. वेचणीचे दिवस आले की काळ्या मुलांची शाळा थांबायची. हे कळल्यावर मला दुसरं काही सुचेना, कारण माझ्या आजीने यवतमाळकडच्या वावरांत तीसेक वर्षं वेचणी केली आहे. कमरेला ओटी बांधून, वाळल्या बोंडांच्या टोकांनी बोटं फाडून घेत. बेसी पुढे शिकागोत मॅनिक्युअरचं काम करायला लागली. ती काळी आणि त्यात बाई, म्हणून अमेरिकेत कुठलीच विमानशाळा तिला घेईना. तेव्हा तिने फ्रेंच शिकून घेतलं, नोव्हेंबर 1920 मध्ये बोटीने फ्रान्स गाठलं आणि ल क्रोतोयच्या विमानशाळेतून 15 जून 1921 ला वैमानिकाचा परवाना मिळवला. तिच्यासाठी लोकर घेणं मला जमलं नसतं. जाकीट कापसाचंच व्हायला हवं होतं, आणि सूत हाताने कातलेलं.

हातसुताच्या लडी वर्ध्याहून आणल्या. सोड्याच्या पाण्यात उकळल्या तेव्हा पाणी चहासारखं तपकिरी झालं. सुतात सरकीच्या टरफलांचे कण होते. आजीने एक लडी मांडीवर घेतली, बोटं फिरवली आणि म्हणाली, "याच्यात कवडी आली व माय." डागाळलेल्या, नीट न उललेल्या कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. तिला आता नीट दिसत नाही, हे तिला बोटांनी कळलं. पुढे चार दुपारी बसून तिने सगळ्या लडींतला कचरा वेचून काढला. मला सांगावं लागलं नाही.

आता तो तिरका नमुना. कारण सुताच्या पिळात होतं. एकपदरी सुताला एकाच दिशेचा पीळ असतो. सुईवर घर पडलं तरी सूत आपला पीळ सोडायला बघतं, प्रत्येक घर जरासं कलतं आणि शंभर घरांचं ते कलणं मिळून अख्खं कापड कलतं. उपाय दोन, आणि मला दोन्ही लागले. एक म्हणजे दोन पदर एकत्र घेऊन चरखा उलटा फिरवायचा, म्हणजे पीळ एकमेकांना तोलून धरतात. दुसरा म्हणजे समोरून सगळी सुलट घरं दिसणारी सपाट वीण सोडायची. साबुदाण्याच्या विणीत सुलटावर उलट आणि उलटावर सुलट येतं, त्यामुळे कापडाला कुठल्याच बाजूचा ओढा राहत नाही. तिसरा नमुना चौकोनी आला.

कापूस लोकरीसारखा परत आकसत नाही. सुलट-उलट पट्टीची बॉर्डर दोन दिवसांत ढिली पडते, म्हणून खालची कड दुमडून शिवली. सुई 4 मिमीऐवजी 3.25 मिमीची घेतली. गोल विणण्याचा मोह टाळून पाठ आणि पुढचा भाग वेगळे विणून बाजू शिवल्या, खांद्याला आतून सुती फीत लावली. शिवण नसेल तर जाकीट स्वतःच्याच वजनाने लोंबतं.

मुख्य गोष्ट पट्ट्याची. फोटोंत बेसी लष्करी थाटाच्या गणवेशात दिसते, खांद्यावरून कमरेकडे गेलेला चामड्याचा पट्टा असलेल्या. तो मला विणीतच हवा होता: साबुदाण्याच्या अंगावर सुलट घरांची पाच घरं रुंद तिरकी पट्टी. माझं माप 10 सेंटीमीटरला 18 घरं आणि 30 ओळी. पट्टा 45 सेंटीमीटर खाली यायचा, म्हणजे 135 ओळी. आडवा 37 सेंटीमीटर जायचा, म्हणजे 67 घरं. दर दुसऱ्या ओळीला एक घर सरकवलं की हिशोब जवळजवळ तंतोतंत जुळतो. त्या रात्री मी वहीत तीन वेळा गुणाकार करून बघितला.

तरी हा पट्टा काढून टाकायचं मी दोनदा ठरवलं होतं. 30 एप्रिल 1926 ला फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलजवळ दुसऱ्या दिवशीच्या हवाई कार्यक्रमासाठी मैदान पाहताना बेसी विमानातून पडून गेली. वाकून खाली बघता यावं म्हणून तिने विमानातल्या आसनाचा पट्टा बांधला नव्हता. वय 34. हे माहीत असताना तिच्या अंगावर पट्टा विणायचा? हात थांबायचा. शेवटी ठेवला, कारण गणवेशाचा पट्टा तिने स्वतः निवडला होता. लोकांसमोर कसं उभं राहायचं हे ती स्वतः ठरवायची. ज्या कार्यक्रमात काळ्या प्रेक्षकांना वेगळ्या दाराने आत सोडणार असतील तिथे उडायला ती नकार द्यायची. तिने निवडलेली वस्तू मी माझ्या दुःखापायी काढणं बरोबर वाटलं नाही.

जाकिटाची कृती मी सहा मापांत लिहितेय. मधल्या मापाचं जाकीट धुऊन टांगलं तेव्हा तीन सेंटीमीटर लांबलं. आता नमुन्याचं माप धुऊन, टांगून, मगच घ्यायचं, असं कृतीत पहिल्याच ओळीला लिहिलंय. लहान मापात पुढचा भाग अरुंद, तिथे पट्टा कमरेच्या आधीच बाजूच्या शिवणीत शिरतो. मोठ्यात तो शिवणीपर्यंत पोचतच नाही. म्हणून लहानात घर सरकवण्याचं अंतर काही ठिकाणी दोन ओळींवरून चार ओळींवर नेलं, मोठ्यात काही ठिकाणी प्रत्येक ओळीला सरकवलं. सहापैकी चार मापं विणून तपासली आहेत. दोन बाकी आहेत, आणि आजीजवळ चार लडी वेचायच्या राहिल्यात.