झाडावरच्या बेडकाला पाणी नको का?

आंबोलीचे पावसाळी फोटो दाखवले की हा प्रश्न येतोच, की बेडूक आणि झाडावर कसा काय, त्याला पाणी नको का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

हा मलबार ग्लायडिंग फ्रॉग, आपल्या पश्चिम घाटात सोडून जगात कुठेच नाही. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जर्डननी १८७० मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. अंग हिरवंगार, बोटांमधले पडदे लाल-केशरी, पण दिवसा हातपाय अंगाशी घेऊन पानावर चिकटून बसतो तेव्हा तो लाल रंग पार झाकला जातो आणि मग अगदी समोर असला तरी दिसत नाही हो! रात्री हेच पडदे ताणून एका झाडावरून दुसऱ्यावर तिरपा तरंगत जातो, दहा मीटरच्या आसपाससुद्धा.

आता पाणी. लागतं, पण त्याला लागते ती पाण्यावर झुकलेली फांदी, आणि हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाऊस लागला की नर ओरडायला लागतात, मादी त्या फांदीवर येते, अंगातून एक द्रव सोडते आणि मागच्या पायांनी घुसळून घुसळून त्याचा पांढरा फेस करते, अंडी त्या फेसात. वरून सुकला तरी आत ओल टिकते, आणि खालच्या पाण्यातले मासे, किडे अंड्यांपर्यंत पोचत नाहीत. काही दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, फेस पावसाने विरघळतो आणि ती टपाटप खाली पडतात, खाली पाणी असेल तरच जगतात.

म्हणजे जंगल इकडे आणि डबकं तिकडे असून चालत नाही, दोन्ही एकावर एक पाहिजेत. म्हणून डबक्याचं सुशोभीकरण म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण पाणी तसंच ठेवतात, काठावरची झाडं मात्र साफ करतात. खरं तर हा बेडूक फार हट्टी नाहीये, बागेतल्या पाण्याच्या टाकीवर फांदी आली तर तिथेही फेस घालतो.

जूनपासून पाऊस नीट लागला की रात्री जा, पाण्यात नाही, पाण्याच्या वर टॉर्च मारा. आणि उडी बघायची म्हणून त्याला हातात घेऊ नका प्लीज, त्याची कातडी फार नाजूक असते, आपल्या हाताला लागलेलं ओडोमॉस-बिडोमॉस सगळं तिच्यातून आत जातं.