उट्रेख्त स्थानकाबाहेरचा चौक: गाड्या गेल्या कुठे?

उट्रेख्त सेंट्रालच्या फलाटावरून सरकत्या जिन्याने वर आलं की रुळांच्या डोक्यावर बांधलेलं लांबरुंद दालन लागतं. पूर्वेकडच्या दारातून बाहेर पडलो. नेदरलँड्समधल्या सगळ्यात गजबजलेल्या स्थानकाचा हा चौक, आणि समोर एकही मोटारगाडी नाही. वर गोल गोल खिडक्यांचं पांढरं छत, खाली फरशी, दोन बाजूंना रुंद पायऱ्या.

गाड्या हटवल्या म्हणजे नेमकं काय केलं, ते पायऱ्या उतरल्यावर कळतं. चौकाच्या पोटात तीन मजली सायकल पार्किंग आहे: 12,500 जागा. 2017 साली पहिला भाग उघडला, 2019 साली पूर्ण झालं. सायकलवाला रस्त्यावरून थेट पॅडल मारत आत शिरतो. उतरून ढकलत न्यायला लावलं असतं तर दारातच खोळंबा झाला असता. त्यासाठी उतार सौम्य ठेवावा लागतो, वळणं ऐसपैस लागतात आणि वळणापलीकडचं दिसावं लागतं. कुठल्या गल्लीत किती जागा रिकाम्या, ते वरच्या पाटीवर झळकतं. नाहीतर माणूस जागा शोधत फिरत बसतो आणि ट्रेन चुकते.

स्टँड दुमजली. वरचा ट्रे ओढला की त्याचं टोक खाली झुकतं. पन्हळीत चाक घालायचं, मूठ उचलायची, उरलेला जोर स्प्रिंग लावते. दोन सायकलींमध्ये जेमतेम 40 सेंटिमीटर, म्हणून शेजारच्या सायकलींची हँडल एकमेकांत अडकू नयेत याची सोय स्टँडच्या रचनेतच हवी. बिघडतं ते इथे: छत पावणेतीन मीटरहून बुटकं असेल तर वरची रांग निरुपयोगी, आणि ट्रे ओढायला मागे दोनेक मीटर मोकळे नसतील तर गल्ली तुंबते. पंचवीस किलोची विजेवरची सायकल वर चढवायला कुणी धजत नाही. पुढे खोकं बांधलेल्या, मुलांची खुर्ची लावलेल्या सायकली यात बसतच नाहीत, त्यांना सपाट जागा वेगळी द्यावी लागते. नकाशावर जागांची बेरीज करणारे हे हमखास विसरतात.

पहिले 24 तास फुकट, मग दिवसाप्रमाणे पैसे. पहिल्या मिनिटापासून पैसे घेतले असते तर सायकली वरच्या कठड्यांना साखळ्यांनी बांधलेल्या दिसल्या असत्या; कायमचं फुकट ठेवलं असतं तर वर्षभरात निम्मी जागा बेवारस सायकलींनी अडवली असती.

मोटारींसाठी तळघरातलं पार्किंग स्थानकाच्या पश्चिमेला, यार्बर्सप्लाइनखाली आहे. तिकडचा चौक मला उघडाबोडका वाटला, वारा नुसता झोडपतो.

पूर्वेकडून खाली उतरून पाच मिनिटं चाललं की पाणी लागतं. हा काथरायनसिंगेल, जुन्या शहराभोवतीचा खंदक. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा काही भाग बुजवून तिथे मोटारींचा रुंद रस्ता केला होता. 1973 साली उघडलेल्या हूख काथरायने बाजारसंकुलाचा हिशेबही तोच: माणसं वरच्या मजल्यावर, जमीन मोटारींना. 2002 साली नागरिकांनी मतदानात खंदक परत आणण्याच्या बाजूने कौल दिला. सप्टेंबर 2020 मध्ये शेवटच्या तुकड्यातही पाणी आलं. मतदानापासून पाण्यापर्यंत 18 वर्षं.

जुनी चूक मात्र पुरती निस्तरली गेली नाही. चौक अजूनही एक मजला वर आहे. बॅगा आणि बाबागाडी घेऊन आलेल्याला लिफ्ट शोधावी लागते आणि लिफ्ट पायऱ्यांइतकी पटकन डोळ्यांत भरत नाही. खाली, सायकली बाहेर पडतात त्या तोंडाशी, चालणारा बेसावधपणे सायकलींच्या लाल पट्ट्यात शिरतो आणि घंटी खणाणते. अशा जागी सगळं एका पातळीत करण्याचा मोह होतो. पण अंध माणसाला काठीने आणि पायाने कडा कळायला किमान 60 मिलिमीटरचा उंचवटा लागतो. त्याहून कमी असला तर तो नसल्यासारखाच.

बघायला जायचं तर मंगळवारी किंवा गुरुवारी, सकाळी 8 ते 9 या वेळात. पार्किंगच्या दाराशी उभं राहा, पण भिंतीला चिकटून.