तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात कशाला?

इथे इंदुरात, रामबागेत एका मुंजीला गेले होते. पंगतीत शेजारच्या बाईंनी जिलबीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, “राग मानू नका हं, पण ६२ वर्षं काढलीत ना तशीच? मग राहिलेली नसती का निघाली?”

मला मुलगा म्हणून वाढवलं. माझीही मुंज झाली, लग्न झालं, राज्य सरकारच्या एका खात्यात लेखापालाची नोकरी झाली, एक मुलगी झाली. २०२० साली निवृत्त झाले आणि त्यानंतर बाई म्हणून राहायला लागले. तेव्हापासून हा प्रश्न इंदुरात डॉक्टरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. मुंजीत नुसती हसले, कारण तेवढ्यात मठ्ठा आला. आता सावकाश सांगते.

आधी थोडा दोष भोपाळचा. आई २०१६ मध्ये गेली, तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की ६० पूर्ण होऊन नोकरी सुटली की दुसऱ्या दिवसापासून सुरुवात. कॅलेंडरवर जून २०१८ ला पेन्सिलीने बारीक टिंब केलं होतं. निवृत्तीला तीन महिने उरले असताना आमच्या सरकारने निवृत्तीचं वय ६० वरून ६२ केलं. ऑफिसात पेढे वाटले गेले. मी दोन खाल्ले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. सोडता आली असती नोकरी, पण मुलीच्या शिक्षणाचं कर्ज फिटायचं होतं.

त्याच्या आधी का नाही? आमच्या मध्य प्रदेशाने किन्नर समाजातल्या शबनम मौसींना आमदार केलं, कटनीने त्याच समाजातल्या कमला जान यांना महापौर केलं. दोन्ही बातम्या मी ऑफिसात वाचल्या आणि पेपर घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. ते जग डेऱ्याचं, गुरू-चेल्यांचं. त्यात जायचं तर घर सोडावं लागतं. मला घर सोडायचं नव्हतं. याच घरात, याच ओट्याशी उभं राहून मेथी निवडायची होती. त्याला काय म्हणतात हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. एप्रिल २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ज्याचं त्याने सांगायचं. त्या दिवशी आई शेजारच्या खोलीत सुपारी कातरत होती. टीव्हीचा आवाज कमी केला.

पण खरी अडचण रोजच्या बोलण्याची. मराठीत तोंड उघडलं की तुम्ही कोण ते क्रियापद सांगून टाकतं. आलो, गेलो, बसलो. तोंडातून ‘आलो’ निघालं की मला जिभेवर खडा लागल्यासारखं व्हायचं. मग मी पळवाटा शोधल्या. ‘मी जेवलो’ऐवजी ‘माझं जेवण झालं’. ‘मी चहा घेतला’ चालतं, तिथे क्रियापद चहाच्या मागे जातं. ‘मी येईन’, ‘मी करीन’ हेही चालतं. म्हणून माझं निम्मं बोलणं उद्याचंच असायचं. ऑफिस मात्र हिंदीतलं, तिथे भविष्यकाळही सोडत नाही, ‘आऊँगा’ म्हणावंच लागतं. त्यावर मी ‘हम’ धरलं. हम आए, हम गए, हे बाईच्या तोंडीही खपतं. सगळे मला ‘होळकर सरकार’ म्हणायचे. ३५ वर्षं हे चाललं. दमले हो, दुसरं काही नाही.

शरीराचं सांगायचं तर उशिराचा हिशेब वेगळाच असतो. हार्मोन सुरू करण्याआधी डॉक्टरांनी रक्तदाब, साखर, चरबी, यकृत सगळं तपासलं. सिगरेट सोडायला लावली. गोळीऐवजी त्वचेवर चोळायचं जेल दिलं, कारण गोळीने रक्तात गुठळी व्हायचा धोका जास्त, आणि वय वाढलं की तो आणखी वाढतो. कातडी मऊ झाली, पण पुढचं टक्कल काही भरलं नाही. आवाजही बदलला नाही, एकदा फुटलेला आवाज या औषधाने परत बारीक होत नाही. प्रोस्टेट जागच्या जागी आहे, म्हणून त्याच्या तपासणीला वर्षातून एकदा साडी नेसून म्हाताऱ्या पुरुषांच्या रांगेत बसते.

सगळ्यात छळलं दाढीने. तरुण मुली लेझर करतात. लेझर केसातल्या काळ्या रंगाला धरतं आणि माझी दाढी बहुतेक पांढरी. मग उरली सुई. एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून किंचित वीज सोडायची आणि तो केस चिमट्याने उपटायचा. तासाभरात दोन बोटांएवढी जागा झाली तर नशीब. शिवाय सुई लागू व्हायला आधी तीन-चार दिवस खुंट वाढवावे लागतात. एरवी ते तोंड घेऊन कुठे जाणार? पण २०२१ मध्ये अख्खं इंदूर मास्क लावून फिरत होतं. करोनाबद्दल चांगलं बोलू नये, तरी एवढं बोलते.

कागदांचं थोडक्यात. मी अर्ज केला तेव्हा २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळालं, त्यावर आधार बदललं. पेन्शनच्या कागदावर मात्र मिशा तशाच. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेले, तर खिडकीतला मुलगा फोटोकडे बघून म्हणाला, “पेंशनर को खुद आना पड़ेगा।” मी म्हटलं, “खुद ही आई हूँ।” मागे एक मराठी आजोबा होते. ते बिचारे म्हणाले, “अहो, तो मुलाला बोलावतोय, आईला नाही.”

आता आमच्या ‘हि’च्याबद्दल. सगळ्यांना खरं तर तेच विचारायचं असतं. ती इथेच आहे. पहिले आठ महिने ती माझ्याशी फक्त गॅस सिलिंडर आणि औषधं यांवर बोलली. मी तिच्याशी ३४ वर्षं खोटं बोलले, याचा राग तिला आहे आणि तो खरा आहे. सीतलामाता बाजारातून तिच्यासाठी म्हणून आणलेल्या साड्या मी कुणाच्या हौसेने निवडत होते, हे तिला एकदम उमगलं. पुढच्या दिवाळीला तिने त्यातल्या सहा माझ्या कपाटात आणून ठेवल्या. प्रेमाने नाही. “ह्या तुमच्याच होत्या,” एवढंच म्हणाली.

मला हाक ती अजून ‘अहो’च मारते. ‘अहो, आलात का?’ यात बाई-पुरुष काहीच नाही, म्हणून समोरासमोर तिला काही बदलावं लागलं नाही. पंचाईत होते ती माझ्याबद्दल बोलताना. फोनवर ‘हे’ म्हणून सुरू करते, मग जरा थांबून ‘घरी आहेत’ म्हणते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला समोरच्या आजींनी तिला कुंकू लावलं, माझ्यापाशी आल्या आणि बोटावर कुंकू तसंच धरून घोटाळल्या. सवाष्ण कशी म्हणायची, आणि नाही तरी कशी म्हणायची? शेवटी मला डाळ जास्त वाढली. त्या रात्री हिने विचारलं, “मग मी लावायचं की नाही कुंकू?” मला उत्तर आलं नाही. ती लावते. मी विषय काढत नाही.

धाकट्या भावाचं मात्र लागलं. तो मला ‘दादा, तू’ म्हणायचा. ‘आलास’ म्हणवत नाही आणि ‘आलीस’ जमत नाही, तर त्याने सरळ ‘तुम्ही’ सुरू केलं. देवासहून फोन करतो, “तब्येत कशी आहे तुमची?” सख्ख्या भावाने दिलेला मान इतका टोचतो हे माहीत नव्हतं. मुलगी पुण्याला असते, तिचं उलट. तिने बदललं फक्त क्रियापद. “बाबा, जेवलीस का?” असा मेसेज येतो रात्री. तिच्या नवऱ्याला म्हणे अजून हसू येतं.

तर या वयात कशाला? याच वयात जमलं म्हणून. १८ व्या वर्षी जमलं असतं तर मी ते सोडलं असतं का? तेवढं एक नुकसान आहे. परवा पाटणीपुऱ्याच्या मंडईत गेले होते. तिथला भाजीवाला मला वीस वर्षं ‘भिया’, म्हणजे भैया, म्हणत आलाय. गिलकी तोलताना त्याने पदराकडे बघितलं, वर तोंडाकडे बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाला, “और क्या दूँ, माताजी?”

मुलगी नाही, ताई नाही, वहिनी नाही, एकदम माताजी. मी त्याच्याकडून हट्टाने पाच रुपये कमी करून घेतले.