फॅमिलिअरच्या पुढं विथ की टू? तुम्ही विचारलंत म्हणून

‘सर, इंग्रजीत फॅमिलिअरच्या पुढं विथ लावायचं का टू?’ कोल्हापूरच्या उद्यमनगरातला मशीन ऑपरेटर विचारतो, बँकेच्या परीक्षेला बसणारी मुलगी विचारते, मुलाचा अभ्यास घेणारी आईही विचारते. प्रत्येकाला उत्तर एका शब्दात हवं असतं आणि बरीच वर्षं मी ते तसंच दिलं. आता देणार नाही.

आधी नेमका फरक. वाक्य जाणणाऱ्यापासून सुरू झालं तर विथ: ‘आय ॲम फॅमिलिअर विथ धिस रोड.’ वाक्य ओळखीच्या गोष्टीपासून सुरू झालं तर टू: ‘धिस रोड इज फॅमिलिअर टू मी.’ रस्ता तोच, माणूस तोच, फक्त कर्ता बदलला. पाठांतराची गरज नाही, कारण मराठीत हा फरक जसाच्या तसा आहे. ‘मी या कामाशी परिचित आहे’ यातला ‘शी’ म्हणजे विथ. ‘हे काम मला परिचित आहे’ यातला ‘ला’ म्हणजे टू. मनात मराठी वाक्य नीट जुळवलं की इंग्रजी शब्द आपोआप सापडतो.

मग चूक होते कुठं? सरावण्यात. आपण म्हणतो, ‘नाइट शिफ्टला सरावलोय.’ इथंही ‘ला’ आहे, म्हणून पोरं ‘आय ॲम फॅमिलिअर टू नाइट शिफ्ट’ लिहितात. पण सराव वेगळा, परिचय वेगळा. सरावासाठी ‘युज्ड टू’ किंवा ‘अकस्टम्ड टू’. त्याच्यापुढं क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लागतं: ‘युज्ड टू वर्किंग ॲट नाइट.’ ‘फॅमिलिअर टू ऑपरेट’ हे तर कुठल्याच अर्थानं बसत नाही.

आता माझी चूक. मी वर्गात सांगायचो, ‘माणूस असेल तर टू, वस्तू असेल तर विथ.’ हा नियम अगदीच खोटा नव्हता. विथ आणि टू यांच्या नंतर काय येतं ते बघितलं तर बहुतेक वेळा तो बरोबर निघतो: टू मी, विथ द रोड. पण ‘नंतर’ हा शब्द मी सांगितला नाही. विद्यार्थ्यानं नियम कर्त्याला लावला. ‘मी’ म्हणजे माणूस, म्हणून ‘आय ॲम फॅमिलिअर टू मशीन’. त्यानं नियम पाळला आणि वाक्य चुकलं. दोष त्याचा नाही.

तरीही विथ-टूची चूक लहानच. समोरच्याला अर्थ कळतो. दुसरी चूक व्याकरणात सापडत नाही आणि ती महाग पडते.

एका मुलानं व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकी मशीनवर, सहा वर्षं काम केलं होतं. ऑपरेटर म्हणून लागला, पण पुढं सगळं स्वतः करायला लागला होता. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग (ओतीव भाग) पकडणाऱ्या फिक्स्चरमध्ये बसवायचं, तो भाग म्हणजे जॉब टच करून जी 54 मध्ये वर्क ऑफसेट (जॉबची शून्य जागा) घ्यायचा, टूलची लांबी मोजून टूल ऑफसेट भरायचा, पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर, म्हणजे प्रोग्रामची एकेक ओळ चालवत, हळू काढायचा, बोअर गेजनं भोकाचं माप घ्यायचं, बोअर थोडा कमी निघाला तर ऑफसेटमध्ये भरपाई द्यायची, टूलची कापणारी पट्टी, म्हणजे इन्सर्ट, झिजली की माप कसं सरकतं ते ओळखायचं. हे झालं सेटरचं, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्याचं काम. दुसऱ्या कारखान्यात सेटरच्या जागेसाठी अर्ज करताना त्यानं इंग्रजीत लिहिलं, ‘आय ॲम फॅमिलिअर विथ व्हीएमसी मशीन.’ विथ अगदी बरोबर. मीच तपासून दिलं होतं.

त्याला घेतलं, पण सेटर म्हणून नाही. मशीनची तोंडओळख असलेला, शिकवून तयार करायचा माणूस म्हणून पगार ठरला. तो अर्ज घेऊन माझ्याकडं आला. ‘सर, सहा वर्षं मशीन माझ्याच हातात हाय की. मग ह्येनी असं का धरलं?’

कारण अर्जाच्या भाषेत या शब्दाची पायरी खालची आहे. तिथं ‘फॅमिलिअर विथ’ म्हणजे पाहिलंय, थोडं हाताळलंय, कुणी सोबत असेल तर जमेल. त्याच्या वर ‘एक्स्पीरियन्स्ड इन’ (अनुभवी) आणि ‘प्रोफिशंट इन’ (निष्णात). मी वर्गात ‘फॅमिलिअर म्हणजे माहीत असलेला’ एवढंच सांगितलं होतं आणि आपल्याकडं ‘मला हे काम माहीत आहे’ म्हणणारा माणूस काम येतं असंच सांगत असतो. त्याच्या मराठीत सहा वर्षं होती, इंग्रजीत ती उरली नाहीत.

माझा बचाव आहे आणि तो खोटा नाही. शब्दकोशात या शब्दाला ‘चांगली माहिती असलेला’ असाही अर्थ दिलेला असतो. वकील ‘फॅमिलिअर विथ द लॉ’ म्हणतो तेव्हा त्याला कायद्याची तोंडओळख आहे असं कुणी समजत नाही. आधी ‘थरोली’ (पुरेपूर) जोडलं तरी वजन वाढतं. पण अर्ज वाचणारा शब्दकोश उघडून बसत नाही आणि मी त्या मुलाला शब्दकोशासाठी नाही, नोकरीसाठी शिकवत होतो.

माणसांच्या बाबतीत तर हा शब्द जपूनच वापरावा. मुळात तो लॅटिन ‘फॅमिलिया’ म्हणजे घर, घरची माणसं आणि नोकरचाकर, यातून आला. घरच्यासारखा, ही त्याची जुनी छटा. म्हणून ‘ही वॉज टू फॅमिलिअर विथ हर’ (इथला टू म्हणजे ‘फारच’) यात ओळख नाही, नको तितकी सलगी आहे. ‘तुमच्या मॅडम माझ्या चांगल्या ओळखीच्या’ हे सांगायला ‘व्हेरी फॅमिलिअर’ लिहू नका, ‘आय नो हर वेल’ लिहा. चेहरा ओळखीचा वाटला तर मात्र ‘यू लुक फॅमिलिअर’ हेच बरोबर. कोल्हापुरात ही सलगीची छटा समजवायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. इथं अनोळखी रिक्षावाल्याला ‘भावा’ म्हणतात आणि तो त्याचा मान असतो. ‘अतिपरिचयादवज्ञा’ हे सुभाषित आपलंच, पण पहिल्याच भेटीत जवळीक दाखवणं म्हणजे मर्यादा सोडणं, हे इथल्या पोराला सहज पटत नाही, आणि का पटावं?

उच्चारही जाता जाता. ‘फॅमिली’ हा शब्द डोक्यात असल्यानं आपण पहिल्या अक्षरावर जोर देतो. जोर ‘मि’वर हवा आणि पहिलं अक्षर जवळजवळ गिळायचं: फ-मि-लिअर. मराठीत मी ‘फॅमिलिअर’ लिहितोय ते केवळ रूढी म्हणून.

त्या मुलाचा अर्ज आम्ही पुन्हा लिहिला. विशेषण काढलं, क्रियापदं घातली: सहा वर्षं व्हीएमसी चालवली, वर्क आणि टूल ऑफसेट स्वतः घेतले, प्रोग्राममध्ये दुरुस्त्या केल्या. त्याचा हात फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकावर बसलेला. सीमेन्सचा कंट्रोल त्यानं फक्त दोन आठवडे हाताळला होता, तेवढ्यासाठी ‘फॅमिलिअर विथ’ ठेवलं.

वाचून तो म्हणाला, ‘पण सर, तिथला साहेबबी कुठल्यातरी सरांकडंच शिकलेला असंल की. त्येला ह्यो फरक कळंल का?’ गोकुळ शिरगावच्या किंवा शिरोलीच्या कारखान्यात अर्ज वाचणारा माणूस ‘फॅमिलिअर’चा अर्थ ‘काम येतं’ असा घेतो की ‘तोंडओळख आहे’ असा, हे मी त्याला खात्रीनं सांगू शकलो नाही. म्हणून सीमेन्सच्या त्या ओळीत आम्ही दोन आठवडे हा आकडाही घातला.